पुस्तकाचं दुकान खरंच संस्कृती टिकवतं का?

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. अशा वेळी एखादा विषय लगेच मनात भरतो. एका मित्राच्या कच्च्या सिनॉप्सिसमध्ये मला असाच एक विषय भेटला: 'परदेशातील चिनी पुस्तकांची दुकाने स्थलांतरितांचा वारसा व सांस्कृतिक ओळख टिकवतात.' विषय चांगलाच आहे. माझा आक्षेप 'टिकवतात' या एका क्रियापदावर आहे, कारण जे सिद्ध करायचं तेच तिथे आधी गृहीत धरलंय.

उदाहरणं घेऊ. पॅरिसमधलं 'यू फेंग' 1976 पासून चालू आहे. ते दुकान आहे आणि प्रकाशनसंस्थाही. चिनी शिकणाऱ्या फ्रेंच विद्यार्थ्यांसाठी ते कोश, पाठ्यपुस्तकं काढतं. म्हणजे विक्रीचे आकडे मिळाले तरी त्यातलं गिऱ्हाईक स्थलांतरित चिनी की फ्रेंच विद्यार्थी, हे वेगळं काढावं लागेल. दुसरं वॉशिंग्टनमधलं 'जेएफ बुक्स'. शांघायमध्ये 2018 साली बंद करावं लागलेलं दुकान 2024 मध्ये तिथे नव्याने उघडलं. तिथे येणाऱ्याला आजोबांचा वारसा हवा असेल, किंवा मायदेशात मोकळेपणाने होत नाही ती चर्चा हवी असेल. दोन्हींना 'वारसा' म्हटलं की फरकच पुसला जातो.

आता हेच गृहीतक मराठीला लावून बघा. परदेशात मराठी पुस्तकांचं स्वतंत्र दुकान शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. पण लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम विनायक रानडे यांनी 2009 मध्ये सुरू केला. त्याच्या पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या. वाचक आपापसांत पुस्तकं फिरवतात, गल्ला कुठेच नाही. म्हणजे ओळख टिकायला दुकान ही आवश्यक अट नाही, हे इथेच दिसतं. मग दुकान नेमकं काय करतं? संशोधनाचा प्रश्न तिथून सुरू होतो.

आपल्या जवळचं उदाहरण हैदराबादचं. तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 चं. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे पाटोद्याच्या माणसाला हैदराबाद ही राजधानीच होती. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. तिथली मराठी माणसं जागची हलली नाहीत, सीमा हलली. तुलनेसाठी यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? पण तिथेही 'ग्रंथालयाने मराठी टिकवली' असं थेट लिहू नका. कपाटातलं पुस्तक हा पुरावा नाही. देवघेवीची नोंदवही मागा. सभासदांची वयं बघा. तिसरी पिढी पुस्तक नेते का, आणि ती घरात कोणती भाषा बोलते, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

वेगवेगळे का, ते पाटोद्यात बसून जास्त स्पष्ट दिसतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कोणी कर्नाटकातल्या कारखान्यांवर. पाच-सहा महिने कोपीत राहायचं. तिथे ना दुकान, ना वाचनालय. तरी त्यांची मराठी तुटत नाही. टोळी बहुतेक गावचीच, बोलणं गावचंच, आणि पट्टा पडला की सगळे परत. तुटते ती पोरांची शाळा. हंगामी वसतिगृहं आणि साखरशाळा त्यासाठीच काढाव्या लागल्या.

म्हणजे ओळख शाबूत आणि वाचन तुटलेलं, असं होऊ शकतं. उलटही होऊ शकतं: घरात मराठी पुस्तकं आहेत, पण मुलं ती भाषा बोलत नाहीत. हे दोन वेगळे चल आहेत. फक्त दुकानात जाऊन मुलाखती घेतल्या तर पुस्तक विकत घेणारा वर्गच भेटेल. तो 'पुस्तकामुळे आम्ही टिकलो' म्हणेल आणि आपण तो निष्कर्ष सगळ्या समाजाच्या नावावर लिहून मोकळे होऊ. नमुना निवडतानाच कोपीतला माणूस वगळला गेला, हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मित्राला मी एवढंच सुचवलं: शीर्षकातलं 'टिकवतात' काढ आणि 'कोण, कशासाठी वापरतं' हे घाल. दुकानात न येणाऱ्या दहा जणांशी तरी बोल. तेही हेच म्हणाले की आमची भाषा शाबूत आहे, तर गृहीतक बदलावं लागेल. बदललं तर बदललं. त्यासाठीच तर आपण फील्डवर जातो.