रंगाच्या थराखालचं व्यक्तिचित्र

मॉन्ट्रियलच्या जुन्या बंदराजवळ नोत्र-दाम-द-बोंसकूर हे चॅपेल आहे. मार्गरीत बूर्जवा या धर्मभगिनीचं संग्रहालय तिथेच आहे. त्यातलं एक तैलचित्र पाहणाऱ्याची परीक्षा घेतं. 12 जानेवारी 1700 रोजी, वयाच्या 79व्या वर्षी मार्गरीत गेल्या. त्यानंतर लगेच पिएर ल बेर या स्थानिक चित्रकाराने त्यांचं हे चित्र काढलं.

चित्र पहिल्या नजरेत आवडत नाही. छायाप्रकाशाचा खेळ जवळजवळ नाहीच, रेषाही ताठर. समोर मृत चेहरा असलेल्या चित्रकाराने पापण्या अर्धवट मिटलेल्याच ठेवल्या आहेत. ओठांवर स्मित नाही, मस्तकामागे तेजोवलय नाही. पण नजर जोडलेल्या हातांवर येते आणि चित्र उलगडू लागतं. असा चेहरा आयुष्यभराच्या कष्टांनीच घडतो.

फ्रान्समधल्या त्र्वा गावातून मार्गरीत 1653 साली इथे आल्या, तेव्हा मॉन्ट्रियल ही विल-मारी नावाची लहानशी वसाहत होती. लहान मुलं जगत नसत, त्यामुळे शाळेला विद्यार्थीच नव्हते. अखेर 1658 साली एका जुन्या दगडी गोठ्यात त्यांनी पहिली शाळा भरवली. शिक्षण मोफत होतं. वसाहतीत लग्नासाठी पाठवलेल्या फ्रेंच तरुणींनाही त्यांनी आसरा दिला आणि संसाराची कामं शिकवली. मठाच्या भिंतीआड राहायला त्यांनी नकार दिला, कारण मुली जिथे असतील तिथे शिक्षिकेने पोचलं पाहिजे, असं त्या मानत. या फिरत्या, कष्ट करून पोट भरणाऱ्या धर्मभगिनींच्या नियमांना 1698 साली मान्यता मिळाली. आदिवासी मुलींसाठीही त्यांच्या संघाने शाळा चालवली. ते काम धर्मांतराच्या मोहिमेचाच भाग होतं, हेही इथे ध्यानात ठेवायला हवं.

हे सारं जाणून चित्राकडे परत पाहिलं, की ल बेरचा साधेपणाच त्याचं बळ ठरतो. मार्गरीतनी जगण्यात जो बडेजाव टाळला, तो त्याने रंगात येऊ दिला नाही.

नंतरच्या काळाला मात्र हा राकटपणा मानवला नाही. कुणीतरी त्यावर गोड, गुळगुळीत चेहरा रंगवला आणि लोक त्यालाच वंदन करत राहिले. 1960च्या दशकात क्ष-किरणांनी खालचं चित्र उघड केलं आणि वरचा थर काढण्यात आला. गोड चेहऱ्यामागे गोठ्यातली शाळा लपत होती. या चेहऱ्यात ती दिसते.

1982 साली मार्गरीतना संतपद मिळालं. या चित्रात मात्र संतपदाची कुठलीच खूण नाही. कारागिरीत ते उणं आहे, तरी माणूस ओळखण्यात पुरं उतरलं आहे. म्हणूनच मॉन्ट्रियलच्या आरंभीच्या चित्रकलेत मी त्याला पहिला मान देतो.