चारशे दाण्यांची परीक्षा

परदेशातून पिकांवरची कीड येऊ नये म्हणून आपल्याकडे १९१४ पासून कायदा आहे. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात बियाण्याला परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. बंदरावर नमुनाही तपासतात. नियम योग्यच आहेत. आमचा आक्षेप आहे तो त्या शिक्क्यावर विसंबून निर्धास्त होण्याला.

वाटाण्यातील भुंगेऱ्याची अळी दाण्याच्या आत वाढते. वरून दाणा निरोगी दिसतो. क्ष-किरणांनी ती दिसते, पण तपासायचा तो नमुनाच. समजा, हजारात एक दाणा किडका आहे आणि आपण ४०० दाणे तपासले. एकही किडका दाणा न सापडण्याची शक्यता ०.९९९ चा ४०० वा घात, म्हणजे सुमारे ६७ टक्के! ३,००० दाणे तपासले, तर ती ५ टक्क्यांवर येते.

'कीड आढळली नाही' म्हणजे 'कीड नाही' असे नव्हे. म्हणून नमुना मोठा हवा आणि जोखमीचे बियाणे आधी विलग जागी वाढवून पाहण्याची तरतूद कसोशीने पाळली जायला हवी. ज्वारीत थोडे रंगवलेले दाणे मिसळून हा हिशेब वर्गातही पडताळता येईल.