दुर्मीळता आणि प्रसार : जॅक व्हाइट यांच्या ध्वनिमुद्रिका-व्यवहाराचे एक चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

संग्राहक आणि प्रकाशक या दोन भूमिकांमध्ये मूलतः विरोध असतो. संग्राहकाला वस्तूची दुर्मीळता मोलाची वाटते. प्रकाशकाचे काम ती दुर्मीळता नाहीशी करण्याचे असते. एकच कलावंत या दोन्ही भूमिका स्वीकारतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक प्रकाशनाबाबत एक प्रश्न उपस्थित होतो. दुर्मीळ गोष्ट येथे अनेकांपर्यंत पोहोचते आहे, की सहज मिळू शकणारी गोष्ट मुद्दाम दुर्मीळ केली जाते आहे? अमेरिकन रॉक संगीतकार जॅक व्हाइट (जन्म १९७५) यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयीच्या प्रेमाचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रकाशनकार्याचा विचार प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

कारागिरीची पार्श्वभूमी

व्हाइट हे डेट्रॉइट या औद्योगिक शहरात वाढले. संगीतात नाव मिळवण्यापूर्वी ते खुर्च्या-कोचांना गादी व कापड चढवण्याचा व्यवसाय करीत. १९९७ साली मेग व्हाइट यांच्यासह त्यांनी ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हा वाद्यवृंद स्थापन केला आणि २००१ साली ‘थर्ड मॅन रेकॉर्ड्‌स’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. २००९ साली या संस्थेला नॅशव्हिल येथे दुकान व कार्यालय लाभले. तिचे स्वातंत्र्य निरपेक्ष मात्र नाही. ‘लाझारेटो’ हा त्यांचा २०१४ चा संग्रह अमेरिकेत कोलंबिया या मोठ्या कंपनीच्या सहभागाने प्रकाशित झाला. संगीत कोणत्या रूपात लोकांसमोर यावे, याचा निर्णय स्वतःच्या हाती ठेवणे, एवढ्याच अर्थाने येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द घ्यावा लागतो.

कारागिरीचा संस्कार त्यांच्या तबकडीप्रेमात स्पष्ट दिसतो. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे जुने उस्ताद ब्रायन मल्डून यांनी एका छोट्या ध्वनिमुद्रिकेच्या १०० प्रती मल्डून यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या फर्निचरच्या आत शिवून टाकल्या. त्यांपैकी पहिल्या प्रती सापडल्याचे २०१४ साली जाहीर झाले. वरवर पाहता ही गंमत वाटते. परंतु तिच्यात पुढील सर्व कार्याचे बीज आहे. ध्वनिमुद्रिका ही कोणाच्या तरी हाताने घडवलेली आणि कोणाला तरी अवचित सापडणारी वस्तू असते, ही ती धारणा होय.

तबकडीचे वस्तुरूप

ही धारणा ‘लाझारेटो’च्या विशेष आवृत्तीत टोकाला गेलेली आढळते. या तबकडीची पहिली बाजू आतून बाहेरच्या दिशेने वाजते. मधल्या कागदी लेबलाखालीही गाणी कोरलेली आहेत. एका गाण्याचा प्रारंभ सुई कोणत्या खाचेत उतरते त्यानुसार विद्युत किंवा साध्या वाद्यांवर ऐकू येतो. तबकडी फिरू लागली की तिच्या पृष्ठावर देवदूताची आकृती तरंगताना दिसते. प्रकाशनानंतरच्या पहिल्याच आठवड्यात या संग्रहाच्या सुमारे ४०,००० तबकड्या अमेरिकेत विकल्या गेल्या. १९९१ पासून संगणकीय नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यानंतरचा तो तोवरचा उच्चांक होता.

या युक्त्यांमुळे श्रोत्याला तबकडीपाशी थांबावे लागते. ती हाताळावी, उलटावी, निरखावी लागते. येथपर्यंत हा उपक्रम समर्थनीय ठरतो. परंतु युक्त्यांची संख्या वाढत जाते तसे लक्ष गाण्यावरून वस्तूकडे वळते. लेबलाखालचे गाणे शोधण्याचा आनंद हा ते गाणे ऐकण्याचा आनंद नव्हे. संग्राहकाच्या दृष्टीने कलावंताच्या दृष्टीवर केलेली ही मात येथे नोंदवणे आवश्यक आहे.

वारसा आणि त्याचे मूल्य

संग्रहवृत्तीची खरी कसोटी लागते ती जुन्या ब्लूज संगीताच्या पुनर्प्रकाशनात. १९२० च्या दशकात आणि १९३० च्या दशकाच्या प्रारंभी मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स अशा कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या ‘पॅरामाउंट’ या कंपनीने काढल्या. ही कंपनी विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याची उपशाखा होती. कारखाना ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या बनवी, आणि पेट्या खपाव्यात म्हणून तबकड्या काढल्या जात. त्या काळी अशा तबकड्यांसाठी लागणारी लाख प्रामुख्याने भारतातून जगभर जात असे. पॅरामाउंटचे मिश्रण मात्र हलक्या प्रतीचे असल्याने तबकड्या खरखरत. कंपनी बंद पडल्यावर धातूच्या मूळ साच्यांपैकी बहुतेक टिकले नाहीत. पुढे संग्राहकांनी घराघरांतून शोधून काढलेल्या झिजलेल्या प्रतींवरच या संगीताचे आजचे ज्ञान पुष्कळ अंशी आधारलेले आहे. संग्राहकाच्या हव्यासाचे हे सांस्कृतिक ऋण मान्य करावेच लागते.

थर्ड मॅनने २०१३ साली दोन वेगळ्या मार्गांनी या वारशाकडे पाहिले. ‘डॉक्युमेंट रेकॉर्ड्‌स’ या संस्थेच्या सहकार्याने चार्ली पॅटन, ब्लाइंड विली मॅक्टेल आणि मिसिसिपी शीक्स यांच्या ध्वनिमुद्रणांच्या साध्या स्वतंत्र तबकड्या काढल्या. त्याच वर्षी ‘रेव्हनंट’ या संस्थेसह पॅरामाउंटच्या इतिहासाचा पहिला खंड काढला. तो ओकच्या लाकडी पेटीत होता. सोबत सहा तबकड्या, ग्रंथ आणि ८०० गाण्यांचा डिजिटल साठा होता. त्याची किंमत ४०० डॉलर होती. पेटी विकण्यासाठी जन्मलेले संगीत शतकाच्या अखेरीस पुन्हा एका मौल्यवान पेटीतच परतले. संशोधन म्हणून या खंडाचे मोल निर्विवाद आहे. तथापि ज्यांच्या पूर्वजांचे हे सूर आहेत त्या सामान्य कृष्णवर्णीय श्रोत्याच्या आवाक्यात ती पेटी होती असे म्हणता येत नाही. प्रसाराच्या निकषावर साध्या तबकड्यांची मालिका अधिक महत्त्वाची ठरते.

कृत्रिम टंचाईचा पेच

मर्यादित आवृत्त्यांबाबत व्हाइट यांची भूमिका २०१० साली वादग्रस्त ठरली. थर्ड मॅनने काही विशेष प्रती थेट ऑनलाइन लिलावात काढल्या आणि चाहते नाराज झाले. अल्प किमतीत घेतलेली तबकडी दलाल कैक पट दराने विकतो. मग तो दर संस्थेने का घेऊ नये, असा व्हाइट यांचा प्रतिवाद होता. हा युक्तिवाद व्यापाराच्या तर्काने बिनतोड आहे, पण अपुरा आहे. ज्या टंचाईचा फायदा दलाल घेतो ती संस्थेनेच निर्माण केलेली असते. प्रती वाढवल्या की दलालाचे प्रयोजनच उरत नाही.

याउलट उदाहरण २०१५ चे आहे. एल्विस प्रेस्ली यांनी १९५३ साली मेम्फिस येथे स्वखर्चाने मुद्रित केलेली पहिली तबकडी व्हाइट यांनी लिलावात ३ लाख डॉलरला घेतली. संग्राहकाने येथे तिजोरी बंद केली असती. व्हाइट यांनी त्याच वर्षी तिची हुबेहूब प्रतिकृती बाजारात आणली.

कारखाना आणि कोरी तबकडी

२०१७ साली व्हाइट यांनी डेट्रॉइट येथे तबकड्या दाबून काढण्याचा कारखाना सुरू केला. या निर्णयाचे महत्त्व पुढील काळात अधिक स्पष्ट झाले. २०२० साली कॅलिफोर्नियातील ‘अपोलो मास्टर्स’ हा लॅकर तबकड्यांचा कारखाना जळाला आणि साऱ्या जगाची भिस्त प्रामुख्याने जपानमधील एका उत्पादकावर आली. त्याच सुमारास मागणी वाढत होती. २०२२ साली अमेरिकेत तबकड्यांच्या खपाने १९८७ नंतर प्रथमच सीडीच्या खपाला मागे टाकले. कारखान्यांपुढे रांगा लागल्या, आणि त्या रांगेत लहान वाद्यवृंद सर्वांत मागे पडले. मार्च २०२२ मध्ये व्हाइट यांनी सोनी, युनिव्हर्सल व वॉर्नर या तीन बड्या कंपन्यांना स्वतःचे कारखाने उभारण्याचे जाहीर आवाहन केले. स्वतः कारखानदार असताना स्पर्धा वाढावी असे म्हणणारा संग्राहक दुर्मीळतेच्या मोहातून बराचसा बाहेर आलेला असतो.

जुलै २०२४ मध्ये नॅशव्हिल, डेट्रॉइट आणि लंडन येथील थर्ड मॅनच्या दुकानांत खरेदी करणाऱ्यांच्या पिशव्यांत एक पांढरी, निनावी तबकडी विनामूल्य घातली गेली. तिच्यावर कलावंताचे नाव नव्हते. ती व्हाइट यांचाच नवा संग्रह आहे, हे ऐकणाऱ्यांनी ओळखले. तिची नक्कल करून इतरांना द्यावी, असे संस्थेनेच सुचवले. पुढे ‘नो नेम’ या नावाने तो संग्रह रीतसर प्रकाशित झाला. येथे लाकडी पेटी नाही, तरंगता देवदूत नाही. कोरे वेष्टण आणि गाणी एवढेच आहे. फर्निचरमध्ये शिवलेल्या तबकडीतील अवचित सापडण्याचा आनंद येथेही टिकून आहे, परंतु तो दहा वर्षे अडकून पडत नाही.

निष्कर्ष

जॅक व्हाइट यांच्या कार्यात संग्राहक आणि प्रकाशक यांचा झगडा सुटलेला नाही. तो प्रत्येक प्रकाशनात नव्याने मांडला जातो. जेथे वस्तूचा थाट वाढतो तेथे संगीत मूठभरांचे होते. जेथे साधी प्रतिकृती, कारखाना किंवा कोरी तबकडी पुढे येते तेथे तेच प्रेम सार्वजनिक होते. म्हणून त्यांच्या तबकडीप्रेमाचे मूल्यमापन त्यांच्या संग्रहाच्या किमतीवरून करणे योग्य ठरणार नाही. त्या संग्रहातून किती सूर बाहेर पडले आणि कोणाच्या घरी पोहोचले, हाच निकष लावावा लागेल. या निकषावर त्यांचा कारखाना त्यांच्या ओकच्या पेटीहून श्रेष्ठ ठरतो.