'ऑर्फन्स' आणि पुनरुज्जीवनाची तालीम

पूर्वी रंगभूमीवर येऊन गेलेले नाटक नव्या संचात, नव्या दिग्दर्शकाच्या हातून पुन्हा उभे करणे म्हणजे पुनरुज्जीवन. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर हा प्रकार इतका रुजला की, टोनी पुरस्कारांत १९७७ पासून त्याचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९९४ पासून गद्य नाटके व संगीतिका यांच्यासाठी त्याचे दोन भाग करण्यात आले. या प्रतिष्ठेसोबत एक सोयीस्कर समजूतही वाढली, ती अशी की, संहिता पारखलेली असल्यामुळे प्रेक्षकांना ओळखीचे नट मिळाले की निर्मितीचे निम्मे काम झाले. 'ऑर्फन्स' या नाटकाचा २०१३ मधील अनुभव हीच समजूत तपासून पाहायला लावतो.

लाइल केसलर यांचे हे नाटक १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये प्रथम सादर झाले, आणि १९८५ मध्ये शिकागोच्या स्टेपनवुल्फ या संस्थेने गॅरी सिनीझ यांच्या दिग्दर्शनाखाली ते उभे केल्यावर त्याला खरी ओळख मिळाली. स्टेपनवुल्फ हा नटसंघ आहे, म्हणजे तेथील नट वर्षानुवर्षे एकत्र काम करतात आणि एकमेकांच्या सवयी, लय व मर्यादा जाणून असतात. नाटकाची गरजही नेमकी हीच होती. फिलाडेल्फियातील एका पडक्या घरात राहणारे दोन अनाथ भाऊ, धाकट्याला घराबाहेरच्या जगाची भीती घालून त्याला बांधून ठेवणारा थोरला, आणि त्याने पळवून आणलेला, पण हळूहळू दोघांचा बाप होऊन बसणारा एक अनोळखी माणूस, एवढ्या तिघांवर सारा डोलारा उभा आहे. दहशत आणि माया यांचे पारडे क्षणाक्षणाला फिरत असल्यामुळे तिघांपैकी एकाचा दुसऱ्यावरचा विश्वास ढळला तर प्रसंगच कोसळतो.

ब्रॉडवेवर हे नाटक २०१३ मध्ये प्रथमच येत होते, तरी पूर्वीच्या गाजलेल्या प्रयोगांमुळे पुरस्कारांसाठी त्याची गणना पुनरुज्जीवनांत झाली. अ‍ॅलेक बाल्डविन, शाया लबफ आणि टॉम स्टरिज असा संच जमला. दिग्दर्शन अनुभवी डॅनियल सुलिव्हन यांच्याकडे होते. परंतु तालमी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीमध्ये, लबफ निर्मितीतून बाहेर पडले, त्यांनी आपला खासगी पत्रव्यवहार समाजमाध्यमावर उघड केला, आणि त्यांच्या जागी बेन फॉस्टर आले. बाल्डविन यांनी पुढच्या वर्षी एका नियतकालिकात दिलेल्या हकिकतीनुसार वादाचे एक मूळ पाठांतरात होते, कारण लबफ संवाद तोंडपाठ करून तालमीला आले होते आणि बाल्डविन यांचे संवाद अजून पाठ नसल्याबद्दल त्यांची तक्रार होती. ही बाजू एकाच पक्षाची असली, तरी तिच्यात दिसणारा प्रश्न खरा आहे. काही नट शब्द पक्के करून मग कृती शोधतात, तर काही तालमीतल्या कृतीतून शब्दांपर्यंत पोहोचतात; दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत, मात्र त्या एकाच तालमीत चालायच्या असतील तर त्यांचा मेळ आधी बसवावा लागतो. नटसंघात हा मेळ वर्षानुवर्षांच्या सहवासातून बसलेला असतो, तर करारावर जमवलेल्या संचाला तो मोजक्या आठवड्यांत बसवायचा असतो.

नाटकाचा शुभारंभ १८ एप्रिलला झाला. स्टरिज यांना आणि निर्मितीला टोनी नामांकनेही मिळाली, परंतु १९ मे रोजी, ३७ प्रयोगांनंतर, ठरलेल्या मुदतीआधीच पडदा पडला. या अपयशाचे सारे खापर तालमीतील भांडणावर फोडणे अन्यायाचे होईल. 'नो, नो, नानेट' ही १९२५ ची संगीतिका १९७१ मध्ये ब्रॉडवेवर परतली तेव्हा, कल्पना ज्यांची होती ते हॅरी रिग्बी हे निर्माते शुभारंभापूर्वीच सहनिर्मात्या साइमा रुबिन यांच्याशी झालेल्या संघर्षात बाजूला पडले होते, तरीही त्या निर्मितीचे ८६१ प्रयोग झाले. त्या निर्मितीला न्यूयॉर्कबाहेर, बॉस्टनसारख्या शहरांत, चाचणी-प्रयोगांचा दौरा मिळाला होता. प्रेक्षकांसमोर चुका करून त्या दुरुस्त करण्याची ती उसंत 'ऑर्फन्स'ला लाभली नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासातील एक घटना याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये आणले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेतील मतभेदांमुळे थांबवले. जब्बार पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था सोडून १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन केली, आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे राहिले. संस्था फुटली तरी तालमीतून घडलेला समूह टिकला. ज्या नाटकात नटांची रांगच पडदा होते, भिंत होते आणि पुन्हा माणसे होते, त्याचा जीव त्या समूहातच होता.

म्हणून पुनरुज्जीवनाची परीक्षा करताना मूळ संहितेबरोबर तिच्यामागची तालीमही पाहावी लागते. छापील नाटक पुन्हा मिळवता येते, गाजलेला नट करारबद्ध करता येतो, पण मूळ प्रयोग ज्या परस्परविश्वासावर उभा होता तो विकत मिळत नाही. तो प्रत्येक संचाला नव्याने कमवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे दिवस निर्मितीच्या हिशेबात पहिल्यापासून धरलेले असावे लागतात. जुन्या नाटकाविषयी खरा आदर असेल, तर तो या दिवसांची तरतूद करण्यातच दिसायला हवा.