कुळाचा शोध आणि कोरा रकाना

गेल्या काही दशकांत कादंबरीचा एक विशिष्ट प्रकार वाचकप्रिय झाला आहे. आजच्या काळातील एखादी तरुणी आजीच्या मृत्यूनंतर जुनी पेटी उघडते. पेटीत पत्रांचे पुडके सापडते आणि त्या पत्रांच्या आधाराने घराने लपवून ठेवलेली, दोन-तीन पिढ्यांपूर्वीची प्रीतिकथा उलगडत जाते. एक प्रकरण आजचे, दुसरे तेव्हाचे, अशी वीण चालते. शेवटी दोन्ही धागे जुळतात आणि नायिकेला आपल्या रक्ताचा उगम कळतो. आमच्या धर्मग्रामांतील शिकलेल्या मुली अशी पुस्तके इंग्रजीतून आवडीने वाचतात. त्यांच्या आवडीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आपण कोणाचे, कोठून आलो, हा प्रश्न माणसाला पडणे स्वाभाविकच आहे. परंतु त्या प्रश्नाला ही कादंबरी कोणते उत्तर देते आणि ते उत्तर ख्रिस्ती कुटुंबांना कोठवर मानवते, हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या प्रकारातील सर्वोत्तम कृती म्हणून ए. एस. बायट या इंग्रज लेखिकेच्या 'पझेशन' या कादंबरीकडे बोट दाखवता येईल. १९९० साली तिला बुकर पारितोषिक मिळाले. रोलंड नावाच्या गरीब संशोधकाला ग्रंथालयातील एका जुन्या पुस्तकात अ‍ॅश या एकोणिसाव्या शतकातील कवीच्या हातचे दोन पत्रांचे कच्चे खर्डे मिळतात. मॉड बेली या विदुषीच्या साह्याने तो माग काढतो. अ‍ॅश हा विवाहित कवी आणि ख्रिस्ताबेल ही कवयित्री यांचे प्रेम, त्यातून जन्मलेली कन्या, बहिणीच्या पदरात घालून लपवलेले तिचे मातृत्व, हे सारे क्रमाने उजेडात येते. आणि ज्या प्रेमाचा शोध चालला होता, त्याच प्रेमातून आपले कुळ निघाले आहे, हे मॉडला कळते.

लेखिकेचे सामर्थ्य उपसंहारात दिसते. आपल्याला मुलगी आहे हे अ‍ॅशला कधीच कळले नाही, असे संशोधक समजून बसतात. प्रत्यक्षात तो एकदा तिला कुरणात भेटला होता, आईसाठी निरोपही त्याने दिला होता. पोर खेळता खेळता तो विसरली. वाचकाला हे कळते, संशोधकांना कळत नाही. कागदपत्रे कितीही हाती लागली तरी मेलेल्या माणसांच्या अंतःकरणातील काही भाग एका परमेश्वरालाच ठाऊक राहतो, ही नम्रता त्या शेवटात आहे.

तरीही एक गोष्ट नजरेतून निसटू नये. मॉडला पूर्वज सापडले ते कोण? दोघेही नामवंत कवी. शिवाय पत्रांवरचा हक्कही तिचाच ठरतो. शोधाच्या अंती प्रतिष्ठा आणि वारसा पदरात पडावा, हा या कादंबऱ्यांचा जणू अलिखित नियम आहे. कलंक असला तरी तो प्रीतीचा, म्हणजे मिरवण्याजोगा असतो. आपला पणजा गावकुसाबाहेर राहणारा आणि दुसऱ्याच्या शेतावर राबणारा होता, एवढेच कळून समाधान पावलेली नायिका आमच्या वाचनात क्वचितच आली आहे.

अ‍ॅलेक्स हेली या अमेरिकन लेखकाने १९७६ साली 'रूट्स' लिहून निराळी वाट चोखाळली. गुलाम म्हणून विकला गेलेला पूर्वज त्याने अभिमानाने आपला म्हटला. लाखो कृष्णवर्णीयांना त्या पुस्तकाने ताठ मानेने मागे वळून पाहण्यास शिकविले, हे त्याचे मोठेच श्रेय. पण कुंटा किंटे या पूर्वजाची हेलीने दिलेली हकीकत पुढे अभ्यासकांनी दप्तरांशी ताडून पाहिली, तेव्हा ती टिकेना. मूळ सापडावे ही तहान इतकी तीव्र असते की पुरावा तिच्याबरोबर वाकतो.

मराठीत या विषयावरील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही २०१९ साली शब्दालय प्रकाशनाने काढलेली कादंबरी. 'ताम्रपट'साठी १९९९चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळविणाऱ्या पठारे यांनी येथे एका घराण्याचा सुमारे सातशे वर्षांचा प्रवास, यादवांच्या पाडावापासून विसाव्या शतकापर्यंत, आजच्या निवेदकाच्या शोधातून मांडला आहे. प्रीतिकथा हा तिचा मुख्य विषय नाही. परंतु स्त्रीपुरुषांच्या ओढीमुळे कुळाच्या भिंती कशा ओलांडल्या जातात, हे तीत वारंवार दिसते. शुद्ध रक्ताच्या अभिमानाला लेखकाने लावलेला सुरुंग हे आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोल होय. जो आपल्या वंशाचा धागा प्रामाणिकपणे मागे मागे नेईल, त्याला वाटेत परका भेटणारच.

आमचा आक्षेप दुसऱ्या बाजूने आहे. प्रचंड विस्तारामुळे इतिहासाची माहिती पुष्कळदा पात्रांच्या डोक्यावर बसते, हा एक भाग. दुसरा अधिक महत्त्वाचा. कुलवृत्तांत हा मुळात ज्यांच्याकडे वतन होते, जमीन होती, पाटीलकी होती, त्यांचा वाङ्मयप्रकार आहे. दप्तरे त्यांची राहतात. ज्यांच्याकडे वतन नव्हते, त्यांचा कुलवृत्तांत कोणी, कशाच्या आधाराने लिहावा?

आमच्या मेहकरचेच उदाहरण घ्या. पैनगंगेच्या काठचे हे गाव जुने. 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे एक सरकार म्हणून मेहकरची नोंद आहे. शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती येथे १८८८ साली जमीन खणताना निघाली. गावात कंचनीचा महाल म्हणून ओळखली जाणारी पडकी वास्तू आहे. लोणारच्या कमळजा देवीचा दिवा माडीवरून दिसावा म्हणून कंचनी नावाच्या नर्तकीने हा महाल उंच उंच चढविला, असे लोक सांगतात. महाल दाखवायला सर्वांना आवडते. पण आम्ही कंचनीच्या वंशातले, असे सांगणारे घराणे आमच्या तरी ऐकिवात नाही. सरदाराचे वंशज होण्यास सर्व तयार असतात. नर्तकीचे वंशज होण्यास कोणी पुढे येत नाही.

हा दोष गावाचा म्हणून आपण हात झटकू नयेत. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहांची व स्नानसंस्कारांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली. त्यामुळे गरिबांतल्या गरीब ख्रिस्ती माणसाचेही नाव, त्याचे धर्मपिता व धर्ममाता यांच्या नावांसह, कागदावर राहिले. वतनदाराचे दप्तर आणि मजुराच्या मुलाची स्नानसंस्काराची नोंद यांत आम्हांला दुसरी अधिक थोर वाटते. पण त्या वह्यांतून रिकामे रकानेही असतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला. मिशनांच्या आश्रयाला आलेल्या अनाथ पोरांचे आईबाप कोण, हे पोरांनाच ठाऊक नसेल तर धर्मगुरूने काय लिहावे? कादंबरीकार तेथे एखादा राजपुत्र लिहील. कित्येक घरांत नेमके हेच घडते. लग्नाची बोलणी सुरू झाली की कोरा रकाना भरू लागतो. अमुक उच्च जातीतून आमचे पूर्वज आले, असे सांगितले जाते. आणि ज्याला तसे सांगता येत नाही त्याच्याकडे सोयरीक टाळली जाते. एकाच वेदीवर एकच भाकर घेणारी माणसे एकमेकांचे पणजोबा मोजतात!

ही लपवालपव केवळ घरगुती नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. ज्यांना कायद्यापुढे आपले मूळ उघडपणे मांडायचे आहे, त्यांनी ते आपल्याच बांधवांपुढे झाकावे लागत असेल, तर मागणीत बळ कोठून येणार?

पवित्र शास्त्रात या प्रश्नाचे दोन नमुने आहेत. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात काही याजक आपली वंशावळ शोधू लागतात. नोंद सापडत नाही म्हणून त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून दूर केले जाते. दुसरा नमुना रूथच्या पुस्तकाचा. मवाबी लोकांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये, असे अनुवादाच्या पुस्तकात म्हटले आहे. रूथ तर मवाबी, त्यात विधवा, त्यात दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. तिची आणि बवाजाची कथा म्हणजे जुन्या करारातील एक सुंदर प्रीतिकथा. आणि या कथेचा शेवट होतो तो एका वंशावळीने! ओबेद, इशाय, दावीद. परकी मजूर स्त्री राजाची पणजी होते. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिली तेव्हा रूथला वगळले नाही. तामार, वेश्या म्हणून ओळखली जाणारी राहाब आणि उरीयाची बायको यांनाही तेथे स्थान दिले. दावीदाचे पाप त्याला एका नावाआड झाकता आले असते. त्याने ते झाकले नाही.

कुळाचा शोध घेणाऱ्या कादंबरीसाठी याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाही. शोधाच्या अंती नायिका अधिक उंच आसनावर बसली, की जिला आजवर परकी मानत होती तिच्याशी आपले नाते आहे, हे तिला उमगले? पहिले घडले तर ते मनोरंजन. दुसरे घडले तर ते साहित्य. 'पझेशन' पहिल्याकडे झुकत असूनही तिच्या उपसंहारामुळे वर उठते. पठारे यांची कादंबरी या कसोटीस बऱ्याच अंशी उतरते. मात्र तिची वाट पाटलांच्या वाड्यातून जाते.

सरवा वेचणाऱ्यांच्या घरातून निघणारी वाट मराठीत अजून कोणी तरी चालायची आहे. वऱ्हाडातल्या एखाद्या ख्रिस्ती घरातील लेखणी ते करील, अशी आम्हांस आशा आहे. तोवर पालकांना एकच सुचवावेसे वाटते. मुलगी अशी कादंबरी वाचून 'आपण मूळचे कोण?' असे विचारू लागली, तर तिला गप्प बसवू नका, आणि राजपुत्रही सांगू नका. धर्मग्रामाच्या कार्यालयात तिला घेऊन या. वहीत जे आहे ते वाचू द्या. आणि रकाना कोरा असेल तर तोही दाखवा. लूकच्या शुभवर्तमानातील वंशावळ आदामापाशी येते आणि शेवटी देवापाशी थांबते. आईबापांची नावे कोरी राहिली तरी त्या वंशावळीत जागा सर्वांना आहे.