पळून जाणारी मुले आणि न उलगडलेले गाव

ज्या गावात काकडआरती चुकत नाही, एकादशीचा उपवास मोडत नाही आणि ग्रामदैवताच्या पालखीतील मानकऱ्यांचा क्रम एखाद्या सनदेत लिहून दिल्यासारखा पाळला जातो, परंतु त्या पालखीला खांदा कुणी द्यावा आणि दूर कुणी उभे राहावे याचा निवाडा मात्र जन्मावरून होतो, त्या गावातून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना सुटावेसे वाटणे हा मराठी चित्रपटाचा अलीकडचा एक मुख्य विषय आहे. साहित्याला तो नवा नव्हे. १९६३ सालच्या 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहापर्यंत गेला आणि अखेरीस सांगवीलाच परतला. पडद्यावरही, उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर' या चित्रपटातील नचिकेताला तर सगळ्या नात्यागोत्यांतूनच बाहेर पडावयाचे होते.

या चित्रपटांत मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो तो नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. त्यातील जब्या जत्रेत नाचू पाहतो आणि त्याच जत्रेत त्याला डोक्यावर दिवा घेऊन उभे राहावे लागते; देवाचा उत्सव ज्याच्या डोक्यावरील उजेडात साजरा होतो, त्याला त्या उत्सवात जागा नाही, हे सांगण्यासाठी दिग्दर्शकाने कुणाच्याही तोंडी भाषण घातलेले नाही. पुढे गावातील डुकरे पकडण्याचे फर्मान जब्याच्या बापावर सुटते, सारे कुटुंब शाळेसमोर डुकरांमागे धावते, आणि सोबतची मुले कुंपणापलीकडून हसतात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या रोखाने येतो. येथे पळून जाण्याची वाटच शिल्लक नाही, आणि म्हणूनच पळून जाण्याची इच्छा इतकी दाहक झाली आहे.

पण गावाच्या धार्मिकतेकडे आपले दिग्दर्शक पाहतात ते बहुधा बाहेरून. 'देऊळ' हा २०११ सालचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट घ्या. त्यातील केश्याला उंबराखाली दत्तदर्शन होते, गावातील अण्णांनी आखलेले इस्पितळ मागे पडते आणि देवस्थानाची बाजारपेठ उभी राहते. विनोद नेमका आहे, गिरीश कुलकर्णी यांचे संवादही खमंग आहेत. तथापि देवळाचा धंदा करणाऱ्यांना आपण धंदा करीत आहोत हे पक्के ठाऊक असल्यामुळे तेथे लबाडी दिसते, दांभिकता दिसत नाही. दांभिकता अधिक खोल असते, कारण तिच्या मुळाशी खरी भक्ती असू शकते. पंढरपुरात चोखोबांचे अभंग डोळ्यांत पाणी आणून गाणारे लोक आणि चोखोबांच्या समाधीपलीकडे त्यांच्या जातीला पाऊल टाकू न देणारे लोक हे पुष्कळदा एकच होते, आणि विठ्ठल मंदिराचे ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. असा मनापासून रडणारा आणि मनापासून अडवणारा बाप ज्याच्या घरात आहे, त्या मुलाची कथा मला पडद्यावर कोठे दिसली नाही. पाटील, पुढारी आणि पुजारी यांना खलनायक ठरविणे सोपे असते, बापाला ठरविणे कठीण.

या उणिवेचा फटका मुलींच्या चित्रणाला अधिक बसला आहे, कारण उपवास, सोवळे आणि अब्रू यांचा सारा जमाखर्च गाव मुलींच्याच नावे मांडते. २०१६ सालच्या 'सैराट'मधील आर्ची बुलेट चालवते, पळून जाण्यात पुढाकार घेते, हैदराबादेत बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात कष्ट करते. ती अपवाद आहे, आणि त्याची किंमतही चित्रपट शेवटी तिच्याकडून वसूल करतो. मात्र तिच्यामागे लागते ती घराण्याची सत्ता. तिच्या घरातील देव्हारा आपण पाहतच नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीत मुकुंद आणि शिरोडकर एकमेकांना भेटल्याचे उघडकीस आल्यावर तिच्या घरात काय घडले असेल, हा त्या कथेतील खरा मर्मभेदक प्रश्न आहे, परंतु निवेदन मुकुंदाचे असल्यामुळे ते दार बंदच राहते. कादंबरीपुरते ते योग्यही आहे. पुढे सुजय डहाके यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा शिरोडकरच्या घरात शिरण्याची मोकळीक कॅमेऱ्याला होती. तो मुकुंदाजवळच थांबला.