घर वाचलं, भाडेकरू कुठे गेला?

अमेरिकेच्या दक्षिणेतलं सव्हाना हे शहर जगभरच्या वाचकांना माहीत झालं ते एका खुनाच्या खटल्यामुळे. जॉन बेरेंट यांचं ‘मिडनाइट इन द गार्डन ऑफ गुड अँड इव्हिल’ १९९४ मध्ये आलं आणि चार वर्षांहून जास्त काळ बेस्टसेलर यादीत ठाण मांडून बसलं. जुन्या वस्तूंचे व्यापारी जिम विल्यम्स यांनी १९८१ मध्ये आपल्या मर्सर हाऊसमध्ये एका तरुणावर गोळी झाडली. स्वसंरक्षणासाठी झाडली, असा त्यांचा दावा. चौथ्या खटल्यात ते सुटले. (ज्या मर्सरांचं नाव या घराला आहे, त्यांच्यातलं कुणी तिथे कधी राहिलंच नाही!)

बेरेंट गप्पिष्ट आहेत. घरांबद्दलही ते नात्यातल्या खाष्ट माणसांबद्दल बोलावं तसं लिहितात. पुस्तक हातातून सुटत नाही.

पण या गप्पा रंगतात त्या दिवाणखान्यात. विल्यम्स यांनी पडायला आलेली पन्नासेक घरं सावरली, ते वाचताना आपण भारावतो. त्यांचे वैरी ली ॲडलर मात्र जवळजवळ विनोदी पात्र होतात. याच ॲडलरनी सत्तरच्या दशकात व्हिक्टोरियन डिस्ट्रिक्टमधली लाकडी घरं दुरुस्त करून तिथल्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय भाडेकरूंना परवडणाऱ्या भाड्यात तिथेच ठेवायचा घाट घातला होता. वस्ती देखणी झाली की भाडं चढतं आणि जुना माणूस बाहेर पडतो, हे आपल्यालाही नवं नाही. पुस्तकात हा विषय येतो, पण दोन श्रीमंतांच्या कुरघोडीत वाहून जातो. मला ही मोठी चूक वाटते. खुनाइतकंच नाट्य इथेही होतं.

तसं पाहिलं तर भिंतींकडेही नीट बघायला हवं होतं. १९५५ मध्ये डेव्हनपोर्ट हाऊस पाडायला निघालं, तेव्हा सात बायकांनी पैसे उभे करून ते विकत घेतलं. शहरातली घरं वाचवण्याची चळवळ तिथून उभी राहिली. त्या काळात इथल्या जुन्या करड्या विटांना चांगला भाव होता, विटांसाठी घरं पाडली जात. या विटा हर्मिटेज नावाच्या मळ्यावर गुलामांनी थापल्या, भाजल्या होत्या. ओवेन्स-थॉमस हाऊस या संग्रहालयाने अलीकडे आपल्या नावातच ‘स्लेव्ह क्वार्टर्स’ हे शब्द जोडले.

पुस्तक जरूर वाचा. फक्त ॲडलर येतात ती पानं भराभर उलटू नका.